रात्रीच्या ओलिताला सायकलने जाताय? आधी मागचा लाल दिवा घ्या, पुढचा नंतर

बुलडाणा : रब्बीचा हंगाम लागला की जिल्ह्यातल्या गावागावांत संध्याकाळी पारावर एकच प्रश्न असतो, या आठवड्यात लाईन दिवसाची की रात्रीची? कृषी पंपांची थ्री फेज वीज चक्राने मिळते. पाळी रात्रीची आली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्रीच वावरात जातो. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. पण ज्या फीडरवर अजून दिवसाची लाईन नाही, तिथल्या माणसाला रात्रीचं ओलीत चुकलेलं नाही. घरात मोटारसायकल असली तरी ती पोराने नेलेली असते, नाहीतर टाकीत पेट्रोल नसतं. मग सायकल निघते. हँडलला ट्यूबच्या रबराने बांधलेली बॅटरी, अंगावर काळपट शाल, आणि मागे? मागे काहीच नाही.

अंधारात सायकल चालवणारा शेतकरी एकटा नाही. पहाटे चारला दुधाच्या कॅन लावून निघणारे आहेत, पेपर टाकणारी पोरं आहेत, खामगाव आणि मलकापूरच्या एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून गावाकडे येणारे कामगार आहेत. शिकवणीहून परतणाऱ्या मुलींना तर लोक धरतच नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे पावणेसहालाच सूर्य मावळतो. साडेसहाला क्लास सुटला की गावापर्यंतचा पूर्ण रस्ता अंधारातला. आणि जानेवारीत सूर्य उगवायला सकाळचे सात वाजतात, म्हणजे सकाळच्या शाळेला निघालेली मुलगीही अंधारातच असते.

दिवा घ्यायचा ठरवलं की बहुतेक जण दुकानात जाऊन "पुढचा मोठा लाईट दाखवा" म्हणतात. इथेच पहिली चूक होते. खड्डा दिसावा म्हणून पुढचा दिवा लागतो, हे खरं. पण खड्ड्यात पडून बहुतेक वेळा गुडघा फुटतो. मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसलो नाही तर काय होतं ते सांगायला नको. पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर तो मागचा लाल दिवा असावा. पुढे काही दिवस हातातली बॅटरी बांधून भागेल, मागे भागणार नाही.

गाडीवाल्याला तुम्ही कधी दिसता?

हिशेब साधा आहे. मलकापूर-नांदुरा-खामगाव महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे ड्रायव्हरच्या डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद तरी जातो, म्हणजे ३३ मीटर गेले. त्यानंतर चांगल्या टायरची कार कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३८ मीटर घेते. एकूण ७० मीटरच्या वर. भरलेल्या ट्रकला याहूनही जास्त लागतात.

आता दुसरी बाजू. डिपरवर गाडीचा कामाचा उजेड साधारण ४० ते ५० मीटर पडतो. त्या उजेडात काळी शाल किंवा निळा गणवेश घातलेला माणूस बऱ्याचदा २५-३० मीटरवर आल्यावरच ओळखू येतो. थांबायला ७० मीटर हवेत आणि दिसतो ३० मीटरवर. ड्रायव्हर दारू न प्यालेला, मोबाईलवर न बोलणारा, अगदी सज्जन असला तरी हा हिशेब जुळत नाही. समोरून दुसऱ्या गाडीने अप्पर मारलेला असेल तर ३० मीटरही राहत नाहीत.

तेच, सीटच्या मागे अर्ध्या वॅटचा लाल एलईडी दिवा असेल तर सरळ रस्त्यावर तो ३०० मीटरवरून सहज दिसतो. ताशी ८० च्या गाडीला ३०० मीटर यायला १३ सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात ड्रायव्हर वेग कमी करतो, बाजूने जागा काढतो, हॉर्न देतो. दीडशे-दोनशे रुपयांच्या वस्तूकडून याहून जास्त काय मागायचं?

समृद्धी महामार्गावर सायकलीला बंदी आहे, त्यामुळे मेहकर, सिंदखेडराजा भागातले सायकलवाले जुन्या रस्त्यांवरच असतात. पण इंटरचेंजवरून उतरलेली गाडी तासभर १२० ने आलेली असते. ड्रायव्हरच्या पायाला तो वेग चिकटलेला असतो, दोन पदरी रस्त्यावर उतरलं तरी लगेच सुटत नाही. अशा जोडरस्त्यांवर मागचा दिवा आणखी गरजेचा.

दिवा लावला, पण चाऱ्याने झाकला

शहरातल्या सायकलींसाठी बनवलेले मागचे दिवे सीटखालच्या दांड्याला बसतात. आपल्याकडच्या सायकलीला मागे कॅरिअर असतं, आणि कॅरिअर रिकामं नसतं. चाऱ्याचा भारा, दुधाच्या कॅन, फवारणीचा पंप, दप्तर, नाहीतर मागे बसलेला माणूस. दिवा आत चालू असतो आणि बाहेर कोणालाच दिसत नाही. म्हणून मागचा दिवा कॅरिअरच्या अगदी टोकाला किंवा मागच्या मडगार्डवर बसवावा. दुकानात तसा क्लॅम्प नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून दोन बोटांची पट्टी लावून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. भारा जास्तच रुंद असेल तर जास्तीचा दिवा भाऱ्याच्या दोरीलाच अडकवायचा.

मुलींच्या सायकलीत हीच गोष्ट पुढे होते. हँडलवरच्या दिव्यासमोर बास्केट, बास्केटमध्ये दप्तर. उजेड पडतो तो दप्तराच्या पाठीवर. तो दिवा बास्केटच्या पुढच्या कडेला किंवा खाली पुढच्या चिमट्याला घ्यावा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे त्या दिसतात. सायकल घरी आली की पहिल्याच दिवशी मागचा दिवा बसवून टाकावा. नंतर बघू म्हटलं की ते राहतं.

मागचा दिवा लुकलुकता ठेवायचा की स्थिर, यावर वाद आहे. लुकलुकता दिवा लवकर नजरेत भरतो आणि सेलही कमी खातो. पण पूर्ण अंधारात फक्त लुकलुकणारा ठिपका दिसला तर तो किती लांब आहे, आपल्या दिशेने येतोय की पुढे चाललाय, याचा अंदाज ड्रायव्हरला नीट लागत नाही. जर्मनीत तर सायकलच्या लुकलुकत्या दिव्याला परवानगीच नाही. आपल्या अंधाऱ्या रस्त्यांसाठी सरळ उत्तर असं की मुख्य दिवा स्थिर ठेवा. दुसरा असेल तर तो लुकलुकता चालेल. रंगाचा मात्र वाद नाही. मागे लाल, पुढे पांढरा. पुढे लाल दिवा लावून फिरणारी हौशी पोरं समोरच्याला उलटाच निरोप देतात. चाकात फिरणारे सप्तरंगी दिवे आणि सात आवाजांचा हॉर्न ही खेळणी आहेत, त्यावर पैसे घालवायचे तर दिवा घेऊन उरलेल्या पैशांतून.

रेडियमची पट्टी

आपल्याकडे चमकणाऱ्या पट्टीला सगळे रेडियम म्हणतात. त्यात खरं रेडियम नसतं. फार पूर्वी घड्याळाच्या काट्यांना अंधारात चमकण्यासाठी रेडियम लावायचे, तेव्हापासून नाव चिकटलं. पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा छोटे छोटे कोन असतात आणि ते उजेड आला त्याच दिशेने परत फेकतात. म्हणजे गाडीचा उजेड पट्टीवर पडला तरच ती चमकते. गाडीवाल्याचा हेडलाईटच बंद असेल, किंवा तो बाजूच्या शिवरस्त्यावरून येत असेल, तर पट्टी गप्प. म्हणून रेडियम दिव्याला जोड आहे, दिव्याच्या बदल्यात नाही. सायकलवरचे रिफ्लेक्टर ठरलेल्या मानकाचे असावेत यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्यामुळे नवी सायकल घेताना रिफ्लेक्टर आहेत का आणि त्यावर आयएसआय मार्क आहे का, एवढं बघायला हरकत नाही. जुन्या सायकलीचे तुटलेले असतील तर नंबर प्लेटच्या दुकानातून पट्टी कापून आणायची.

ती लावायची कुठे, याचं उत्तर थोडं अनपेक्षित आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी रात्री बंदिस्त रस्त्यावर ड्रायव्हरांना गाडी चालवायला लावून सायकलस्वार ओळखता येतात का ते तपासलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काळ्या कपड्यातला सायकलस्वार अवघ्या २ टक्के वेळा ओळखला गेला. भडक पोपटी जाकीट घातलेला १५ टक्के वेळा. चमकपट्टीचं जाकीट घातलं की ५० टक्के. आणि त्याच जाकिटासोबत घोट्याला आणि गुडघ्याला चमकपट्ट्या बांधल्या की ९० टक्के. कारण पायडल मारताना घोटे वर-खाली होतात. ती हालचाल बघून ड्रायव्हरच्या लगेच ध्यानात येतं की हा मैलाचा दगड नाही, माणूस आहे. भडक पोपटी रंग दिवसा उठून दिसतो, रात्री त्याचा उपयोग फारसा नाही, हेही यातून कळलं.

तेव्हा पट्टीचे चार तुकडे घ्या. दोन पायडलच्या मागच्या कडेला, दोन मडगार्डवर. पँटची मोहरी साखळीत अडकू नये म्हणून घोट्याला जी पट्टी बांधतो, तिच्यावर एक तुकडा शिवून टाकला की झालं. बाजूने दिसण्यासाठी चाकाच्या स्पोकला एक-एक. चौफुलीवर याचा फार उपयोग होतो. सगळं मिळून खर्च चहा-नाश्त्याएवढा. हीच पट्टी ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागेही लागली पाहिजे. कापसाची ट्रॉली पंक्चर होऊन अंधारात रस्त्यावर उभी असते आणि मागून येणारा सायकलवाला तिच्यावर जाऊन आदळतो.

आता पुढचा दिवा

पुढच्या दिव्याच्या डब्यावर ल्युमेनचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. ५००, १०००, ३०००. ग्राहक आकडा बघतो आणि दुकानदारही आकडाच दाखवतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. तो रस्त्यावर पडतो की झाडाच्या शेंड्यावर, हे त्या आकड्यात नसतं. मोटारीचं पाणी तेवढंच, पण मोकाट सोडलं तर अर्धं धुऱ्याच्या बाहेर जातं आणि ठिबकने दिलं तर झाडाच्या बुडाशी पोचतं. दिव्याचंही तसंच. वाया न जाता रस्त्यावर पडणारे १५० ल्युमेन हे चहूकडे उधळलेल्या ५०० ल्युमेनपेक्षा कामाचे. मोबाईलचा फ्लॅश याचमुळे निकामी ठरतो. उजेड जवळ पसरतो, पुढे दहा मीटरवर काही नाही, शिवाय एक हात हँडलवरून सुटतो.

सायकलवाल्याला किती लांबचं दिसायला हवं? ताशी १५ किलोमीटरने जाताना डोळ्याला खड्डा दिसल्यापासून सायकल थांबेपर्यंत साधारण १० मीटर लागतात. ताशी २० ला १४-१५ मीटर. घाट उतरताना ताशी ३० चा वेग सहज लागतो, तिथे २५ मीटरच्या वर. पावसात रिम ओली झाली की रबरी ब्रेक पकडत नाहीत, मग हे अंतर आणखी वाढतं. म्हणून गावरस्त्यावर २० मीटरपर्यंत स्वच्छ दिसेल असा दिवा पुरे. राजूर घाटासारख्या उतारावर रोज असणाऱ्याला ३५-४० मीटरपर्यंत उजेड टाकणारा हवा. आकड्यांत बोलायचं तर पहिल्यासाठी १०० ते २०० ल्युमेन, दुसऱ्यासाठी ३०० ते ४००, तेही नीट भिंग असलेल्या दिव्याचे. हजार ल्युमेनची गरज या जिल्ह्यात सायकलवर कोणाला असेल असं वाटत नाही.

डब्यावरचा आकडा खरा की खोटा, हे दुकानातच ओळखता येतं. एक साधा गुणाकार करायचा. समजा डब्यावर लिहिलंय : १००० ल्युमेन, बॅटरी १२०० एमएएच, चालते ४ तास. लिथियमची एक बॅटरी ३.७ व्होल्टची असते. १.२ ला ३.७ ने गुणलं की साडेचारच्या जवळ येतं. एवढे वॅट-तास त्या बॅटरीत साठतात. बऱ्यापैकी एलईडी एका वॅटमध्ये साधारण १०० ल्युमेन देतो, म्हणजे १००० ल्युमेनला १० वॅट लागणार. साडेचार वॅट-तासांची बॅटरी १० वॅटवर २७ मिनिटं चालेल. चार तास चालत असेल तर उजेड ११० ल्युमेनच्या आसपासचा असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आणि असा डबा बाजारात एखाद-दुसरा नाही, रांगेने लावलेले असतात.

दुसरी खूण सेलची. बोटभर जाडीचा, साडेसहा सेंटीमीटर लांबीचा जो सेल अशा दिव्यांत असतो, त्याला १८६५० म्हणतात. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास संपते. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं की तो सेल तिथेच ठेवून द्या. ज्याने सेलवर खोटं लिहिलं, त्याने चार्जिंगच्या सर्किटमध्येही काटकसर केली असणार. असा दिवा रात्रभर चार्जिंगला लावून झोपणं धोक्याचं, कापूस साठवलेल्या घरात तर नकोच.

२००० एमएएचचा प्रामाणिक सेल असेल तर २०० ल्युमेनवर तीन तासांच्या जवळपास चालतो. ओलिताला जाऊन येण्यासाठी हे भरपूर झालं, कारण वावरात पोचल्यावर सायकलचा दिवा बंदच असतो. तिथे पाणी फिरवताना दोन्ही हातांत फावडं असतं म्हणून कपाळाची बॅटरी लागते. हँडलवरून पटकन निघणारा दिवा घेतला तर तो हातातही चालतो. बांधावर, पाईपाच्या तोंडाशी, पेटीजवळ पाय टाकण्याआधी उजेड टाकायचा. घोणस आणि मण्यार दोन्ही रात्री फिरतात. पावसाळ्यात तापलेल्या डांबरावर साप येऊन पडतात, ते सायकलवरूनच दिसले पाहिजेत.

फक्त कपाळाच्या बॅटरीवर सायकल चालवणं मात्र बरोबर नाही. तिचा उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच जातो, त्यामुळे खड्ड्याची सावली दिसत नाही आणि रस्ता सपाट भासतो. हँडलच्या उंचीवरचा किंवा त्याहून खालचा दिवा खड्ड्याच्या कडेला सावली पाडतो, खोली कळते. धुक्यात आणि सोयाबीन काढणीच्या धुळीत कपाळाचा उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो. दोन्ही असतील तर उत्तम, एकच घ्यायचा तर हँडलवरचा.

जंगलाच्या कडेने जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ज्ञानगंगा अभयारण्याचा भाग असो की अंबाबरव्याकडची गावं, रात्री जनावर रस्त्यावर येतंच. रोह्याचे डोळे उजेडात लांबूनच चमकतात, कारण त्याच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा पडदा असतो. रानडुकराच्या डोळ्यात तो नसतो. म्हणून रोही लांबून कळतो आणि डुकरांचा कळप अगदी चाकाखाली आल्यावर. डोळे चमकले नाहीत म्हणजे समोर काही नाही, असं समजून वेग वाढवू नये.

डायनामो गेला का?

एकेकाळी सायकलला दिवा नसला तर पोलीस अडवायचे, चाकाची हवा सोडून द्यायचे. शहरात सायकलीला बिल्लाही लागायचा. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात रस्त्यावरच्या वाहनांना दिवे किती, कुठे आणि कोणत्या वेळी असावेत याचे नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे. त्या काळचा दिवा म्हणजे आधी रॉकेलचा, नंतर टायरला घासून फिरणारा डायनामो. तो ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा असायचा. पायडल जड व्हायचं, थांबलं की अंधार, पावसात चाकी टायरवरून घसरायची. उतारावर वेग वाढला की बल्ब उडायचा. मागचा बल्ब आधी गेला तर सगळा करंट पुढच्यावर येऊन तोही जायचा.

तरीही डायनामोला एकदम मोडीत काढायला नको. त्याला चार्जिंग लागत नाही. रोज पहाटे तेवढंच अंतर जाणाऱ्या दूधवाल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. त्याच ३ वॅटवर बल्बऐवजी एलईडी दिवा लावला की उजेड कितीतरी पटीने वाढतो. जर्मनीत २०१३ पर्यंत नेहमीच्या सायकलींना डायनामोच सक्तीचा होता, त्यानंतर बॅटरीच्या दिव्यांना मोकळीक मिळाली. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या सायकल दुकानात डायनामो विचारून पाहावा.

दिव्यावरच्या छोट्या सोलर पट्टीवर मात्र भरवसा ठेवू नये. काड्यापेटीएवढ्या पट्टीतून दिवसभराच्या उन्हात एखादा वॅट-तास जमा होतो. मागच्या दिव्याचं त्यावर कसंबसं भागेल, पुढच्याचं नाही.

चार्जिंगचा की सेलचा, हे आपल्या गावच्या लाईनीवर ठरवा. मोबाईलच्याच चार्जरवर, टाइप-सी पिनवर चार्ज होणारा दिवा सोयीचा, कारण वेगळी वायर सांभाळावी लागत नाही. पण वादळ-पावसात दोन-दोन दिवस लाईन जाणाऱ्या गावात मागचा दिवा पेन्सिल सेलवरचा असलेला बरा, सेल किराणा दुकानातही मिळतो. चपट्या बटण सेलचे दिवे स्वस्त दिसतात, पण तो सेल गावात मिळत नाही आणि लहान पोराने गिळला तर जिवावर बेततं. डब्यावर आयपीएक्स ४ असेल तर पावसाच्या सरीत दिवा टिकतो. नाला ओलांडताना पाण्यात पडण्याची भीती असेल तर आयपीएक्स ७ बघा. ते नसेल तर निदान चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं टोपण घट्ट बसतं का, ते दुकानातच दाबून पाहा.

रात्रभर सायकल चालवणारे काय करतात

पुणे-नागपूरकडे ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या होतात. ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत, त्यामुळे रात्र रस्त्यावरच जाते. तिथे सायकलला घट्ट बसवलेला पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, शिवाय अंगावर चमकपट्टीचं जाकीट सक्तीचं असतं. त्याशिवाय रात्री चालवू देत नाहीत. हजारोंच्या सायकलींवर बसणारी, सराव केलेली माणसं ही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, ४ हजार ८०० किलोमीटरच्या आसपासची 'रेस अक्रॉस अमेरिका' १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्या शर्यतीत रात्री सायकलस्वाराच्या मागे त्याच्याच पथकाची गाडी हेडलाईट लावून चालते, तसा नियम आहे. ओलिताला निघालेल्याच्या मागे कोणाची गाडी नसते. त्याच्या मागे जो येतो तो अनोळखी असतो आणि घाईत असतो.

बसवल्यावर एकदा तपासा

पुढचा दिवा बसवला की भिंतीसमोर पाच मीटरवर सायकल उभी करा. उजेडाचा सगळ्यात भडक ठिपका दिव्याच्या उंचीपेक्षा वीतभर ते दीड वीत खाली पडला पाहिजे. वर पडत असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार, आणि आपण ट्रकवाल्यांना ज्यासाठी शिव्या देतो तेच आपण करणार. समोरच्याने अप्पर सोडलाच नाही तर त्याच्या दिव्याकडे बघत राहू नये. नजर रस्त्याच्या डाव्या कडेला, पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि वेग कमी करायचा. चाळिशी-पन्नाशीनंतर डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात साईडपट्टीवरून चाक खाली उतरतं. नव्या काँक्रीट रस्त्यांची कड कुठे कुठे वीतभर उंच आहे.

मागच्या दिव्याची तपासणी घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन करायची. अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर त्याला सायकल घेऊन उभं करा आणि तुम्ही ३०० पावलं मागे चालत जा. दिवा स्पष्ट दिसला पाहिजे. नाही दिसला तर तो आकाशाकडे किंवा जमिनीकडे वळलेला आहे, नाहीतर सेल उतरलाय. मग हीच तपासणी कॅरिअरवर भारा बांधून पुन्हा एकदा करा.